विंडो उघडी, पाकीट बंद

1 जून 2019 रोजी माद्रिदमध्ये युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल झाली आणि लिव्हरपूलने टॉटनहॅमला 2-0 असं हरवलं. सामना तसा रटाळ होता. जास्त मजेशीर आहे ती त्या दोन इंग्लिश क्लबांची खरेदीची वही.

टॉटनहॅमने त्या दिवसापर्यंत 16 महिने एकही खेळाडू विकत घेतला नव्हता. 2018 च्या उन्हाळ्यात प्रीमियर लीगची, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगची, विंडो (खेळाडू घेण्याची मुदत) 9 ऑगस्टला बंद झाली तेव्हा त्यांच्या खात्यावर शून्य खरेदी होती. विंडोची पद्धत आल्यापासून उन्हाळ्यात एकही खेळाडू न घेणारा प्रीमियर लीगमधला तो पहिला क्लब. पुढच्या जानेवारीतही शून्यच. गंमत बघा, सेमीफायनलमध्ये ॲम्स्टरडॅमला हॅटट्रिक मारून त्यांना फायनलला नेलं लुकास मौराने. दुकानाचं शटर पडण्याआधी शेवटचा घेतलेला खेळाडू तोच.

आणि जिंकलेला लिव्हरपूल? युरोपचं विजेतेपद नुकतंच मिळालेलं, पैशाची ददात नाही, चाहते दोन-तीन मोठ्या नावांची वाट बघतायत. क्लबने घेतलं कोणाला, तर 17 वर्षांचा एक डच बचावपटू, 16 वर्षांचा हार्वी एलियट आणि करार संपल्यामुळे फुकटात मिळालेला दुसऱ्या फळीतला गोलरक्षक आड्रियान. पहिल्या अकरांत थेट येईल असा एकही नाही.

म्हणजे दोघेही हात बांधून बसलेले. पुढच्या नोव्हेंबरात टॉटनहॅम चौदाव्या क्रमांकावर होता आणि मॅनेजर पोचेतिनोची हकालपट्टी झाली. लिव्हरपूलने 99 गुण मिळवून, दुसऱ्या क्रमांकाच्या मँचेस्टर सिटीला 18 गुणांनी मागे टाकून, 30 वर्षांनी लीग जिंकली.

दर उन्हाळ्यात चाहत्यांचे दोन तट पडतात ते इथेच. एक म्हणतो, “अरे, लेफ्ट-बॅकला पर्याय नाही, स्ट्रायकर बत्तीस वर्षांचा झाला, आणि आपण म्हणे योग्य खेळाडूची वाट बघतोय!” दुसरा म्हणतो, “मग काय, घ्यायचा म्हणून कुणालाही घ्यायचा? मागच्या वेळी घेतलेला कुठे आहे आता?” पहिल्याला टॉटनहॅम आठवत असतो, दुसऱ्याला लिव्हरपूल. दोघंही सावधपणा या एकाच शब्दावरून भांडतात, पण त्या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी असतात. काय हवं ते ठरवून थांबणं ही एक. काहीच ठरत नाही म्हणून थांबून राहणं ही दुसरी. ऑगस्ट महिन्यात बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही अगदी सारख्या दिसतात. त्या वेगळ्या ओळखायच्या कशा हे सांगायचा हा प्रयत्न आहे, पण त्यासाठी आधी थोडा हिशेब समजून घ्यावा लागेल.

6 कोटींचा खेळाडू कितीला पडतो

ट्रान्सफर विंडो म्हणजे खेळाडूंची नोंदणी बदलण्यासाठी ठरवून दिलेला काळ. फिफाने 2002-03 च्या हंगामापासून ती सगळीकडे सक्तीची केली. त्याआधी इंग्लंडमध्ये मार्चअखेरपर्यंत केव्हाही खेळाडू घेता यायचा. आता उन्हाळ्यात साधारण बारा आठवडे आणि जानेवारीच्या सुमारास चारेक आठवडे. मधे कोणाचा गुडघा गेला तर असेल त्या माणसांवर भागवायचं.

आता समजा, क्लबने एक मिडफिल्डर 6 कोटी पौंडांना घेतला आणि पाच वर्षांचा करार केला. बातमीत 6 कोटी छापून येतात. क्लबच्या हिशेबात मात्र ती रक्कम पाच वर्षांत विभागली जाते, म्हणजे दर वर्षाच्या खर्चात 1 कोटी 20 लाख. हिशेबनीस याला अमॉर्टायझेशन म्हणतात. त्यावर पगार. आठवड्याला दीड लाख पौंड धरले तर वर्षाला 78 लाख, पाच वर्षांत 3 कोटी 90 लाख. एजंटची दलाली आणि खेळाडूचा बोनस आणखी वेगळा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, इतकी वाईट स्थिती नाही, पण कोंबडीच्या दोन-तृतीयांश रकमेचा मसाला लागतोच.

दोन वर्षांनी लक्षात आलं की गडी काही चालत नाही. वहीत त्याची किंमत अजून 3 कोटी 60 लाख उरलेली असते. 3 कोटींना विकला तर 60 लाखांचा तोटा लिहावा लागतो. तेवढे देणारा गिऱ्हाईक मिळाला तरी पगारही तेवढाच देणारा हवा, कारण खेळाडू ‘मी इथेच बरा आहे’ म्हणून बसू शकतो. करार त्याच्याही बाजूने असतो हे आपण चाहते सोयीस्करपणे विसरतो.

मँचेस्टर युनायटेडने जानेवारी 2018 मध्ये आर्सेनलकडून आलेक्सिस सांचेसला आपल्या मखितार्यानच्या बदल्यात आणलं, म्हणजे फीचा प्रश्नच नव्हता. वरवर बघता सौदा फुकटचा. पण पगार त्या वेळी लीगमध्ये सगळ्यांत वरच्या पट्टीतला. 45 सामन्यांत 5 गोल झाल्यावर त्याला इंटरकडे उसना दिला, आणि पगाराचा काही भाग तेव्हाही युनायटेडच भरत होता. शिवाय ड्रेसिंग रूममधला प्रत्येक जण नव्या कराराला बसताना त्या पगाराकडे बोट दाखवू लागला, ते वेगळंच.

क्रीडा-अर्थशास्त्रज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी इंग्लिश क्लबांच्या जमाखर्चावरून दाखवून दिलं आहे की लीगमधलं स्थान आणि पगारबिल यांचा संबंध फार घट्ट असतो, ट्रान्सफरवरच्या खर्चाशी असलेला संबंध त्या मानाने कितीतरी सैल. त्यामुळे ‘नेट स्पेंड’ नावाचा जो आकडा (घेतलेल्यांची किंमत वजा विकलेल्यांची) चाहते एकमेकांच्या तोंडावर फेकतात, त्याला मी फारशी किंमत देत नाही. एखादा क्लब फी कमी देऊन पगारावर भरपूर खर्च करत असेल तर तो या आकड्यात कंजूष दिसतो.

याच हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे क्लबच्या स्वतःच्या ॲकॅडमीत वाढलेला मुलगा. त्याच्यासाठी फी दिलेलीच नसते, म्हणून वहीत त्याची किंमत शून्य. विकला की आलेला सगळा पैसा नफा. गल्लीतला पोर म्हणून ज्याच्यावर स्टँडमधल्या लोकांचा सर्वांत जास्त जीव, तोच हिशेबनीसाला विकायला सर्वांत सोयीचा वाटतो. या पद्धतीचा मला राग येतो, पण नियमच तसा आहे.

नियमांचा फास

पूर्वी श्रीमंत मालक मिळाला की काम झालं असं होतं. आता नुसता मालकाचा खिसा पुरत नाही. प्रीमियर लीगने 2013 च्या सुमारास आणलेला, 2025-26 च्या हंगामापर्यंत चाललेला नियम असा होता: तीन वर्षांत मिळून तोटा 10.5 कोटी पौंडांच्या वर जाता कामा नये, आणि त्यातलाही मोठा हिस्सा मालकाने स्वतःच्या भांडवलातून भरलेला हवा. स्टेडियम, युवा संघ, महिला संघ यांवरचा खर्च त्यातून वगळत असत. युरोपात खेळायचं तर युएफाची, म्हणजे युरोपीय फुटबॉल चालवणाऱ्या संस्थेची, वेगळी अट: पगार, ट्रान्सफर आणि एजंट यांवरचा खर्च उत्पन्नाच्या 70 टक्क्यांच्या आत. ही मर्यादा 90, 80, 70 अशी दरवर्षी उतरत गेली.

बरीच वर्षं हे नियम कागदावरच आहेत असं वाटायचं. मग नोव्हेंबर 2023 मध्ये एव्हर्टनचे 10 गुण कापले गेले. अपिलात ते 6 वर आले आणि पुढे दुसऱ्या प्रकरणात आणखी 2 गेले.

पण सावधपणाच्या चर्चेत जास्त कामाचं उदाहरण नॉटिंगहॅम फॉरेस्टचं. ब्रेनन जॉन्सन हा त्यांच्याच ॲकॅडमीतला फॉरवर्ड, म्हणजे वरच्या हिशेबाने विकला की निव्वळ नफा. 2023 च्या उन्हाळ्यात त्याला मागणी होती. फॉरेस्टला हिशेबाचं वर्ष 30 जूनला बंद करायचं होतं आणि वहीत खड्डा पडलेला होता. जूनमध्ये विकला असता तर खड्डा बराचसा भरला असता. पण जूनमध्ये विकायला निघालेल्याची नड सगळ्यांना दिसते, किंमत पडते. म्हणून ते थांबले. 1 सप्टेंबरला, विंडोच्या शेवटच्या दिवशी, टॉटनहॅमने 4 कोटी 75 लाख पौंड दिले. व्यापारी म्हणून बघितलं तर थांबणं बरोबर ठरलं. नियमाच्या दृष्टीने मात्र ते पैसे पुढच्या वर्षात पडले. तीनपैकी दोन वर्षं खालच्या लीगमध्ये गेल्यामुळे फॉरेस्टला परवानगी होती 6 कोटी 10 लाखांच्याच तोट्याची, तो मर्यादेच्या 3 कोटी 45 लाखांनी वर गेला. मार्च 2024 मध्ये 4 गुण गेले. हंगामाअखेर ते सतराव्या क्रमांकावर कसेबसे वाचले.

तेव्हा ‘विकून टाका एकदाचा’ आणि ‘चांगली किंमत येईपर्यंत थांबा’ या दोन्ही वाक्यांना तारीख चिकटलेली असते. तुमच्या क्लबने जूनच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या विशीतल्या मुलाला विचित्र किमतीला विकलं, तर बहुतेक वेळा कारण हेच.

नियमातून पळवाटाही निघतात. चेल्सीने 2022 नंतर खेळाडूंना साडेआठ-साडेआठ वर्षांचे करार दिले, कारण 10 कोटी पाचाऐवजी आठ वर्षांत विभागले की दरवर्षीचा आकडा लहान दिसतो. युएफाने लगेच हा काळ जास्तीत जास्त पाच वर्षं धरायचा असं ठरवलं, प्रीमियर लीगही त्याच वाटेने गेली. पैसे उधळूनही तो 2022-23 चा हंगाम चेल्सीने बाराव्या क्रमांकावर संपवला, हे सावध गटाच्या चाहत्यांना तोंडपाठ असतं.

बोली जिंकणाऱ्याची फजिती

सावध गटाची खरी बाजू अशी. एका खेळाडूसाठी सहा क्लब बोली लावतात. तो खरा केवढ्याचा हे नक्की कुणालाच ठाऊक नसतं, प्रत्येकाचा अंदाज थोडा वर, थोडा खाली. मग तो मिळतो कुणाला? ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त फुगलेला, त्याला. लिलावात जिंकणारा बहुतेकदा जास्तच मोजून बसतो ते यामुळे. आणि आपल्या हातात किती पैसा आहे हे समोरच्याला कळलं असेल, तर विचारूच नका.

ऑगस्ट 2017 मध्ये नेमार 22.2 कोटी युरोंना बार्सिलोनाहून पॅरिसला गेला. एवढा पैसा हाती आलेला, आणि जागा रिकामी झालेली सगळ्या जगाला दिसत होती. त्याच महिन्यात बार्सिलोनाने डॉर्टमुंडकडून उस्मान डेम्बेलेला 10.5 कोटी युरो अधिक वाढीव रक्कम देऊन आणलं, जानेवारीत लिव्हरपूलकडून फिलिपे कुटिन्होला त्याहून महाग. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. डेम्बेलेची बार्सिलोनातली कितीतरी वर्षं दुखापतीत गेली. कुटिन्हो जमेना म्हणून त्याला बायर्नला उसना दिला, आणि ऑगस्ट 2020 मध्ये बायर्नने बार्सिलोनाला 8-2 हरवलं तेव्हा बाकावरून उठून आलेल्या कुटिन्होने त्यातले 2 गोल केले. स्वतःच पगाराला लावलेल्या माणसाने मालकाच्या घरावर दरोडा घातल्यासारखं झालं ते. पुढच्या ऑगस्टमध्ये क्लबचे अध्यक्ष लापोर्ता यांनी 135 कोटी युरोंचं कर्ज जाहीर केलं, आणि मेस्सी निघून गेला.

त्याहून जुनं उदाहरण लीड्सचं. ऋण काढून सण कसा करतात ते बघायचं असेल तर हेच बघावं. दरवर्षी चॅम्पियन्स लीगचा पैसा येणार असं गृहीत धरून त्यांनी कर्ज काढलं, खेळाडू घेतले, 2001 मध्ये सेमीफायनलही गाठली. त्याच वर्षी लीगमध्ये चौथे आले. तेव्हा पात्रतेला पहिले तीनच लागत. 2004 मध्ये प्रीमियर लीगमधून खाली, 2007 मध्ये आणखी एक पायरी खाली. परतायला 2020 उजाडलं.

वाट बघण्याचं सर्वांत गाजलेलं यश म्हणजे व्हर्जिल व्हॅन डाइक. जून 2017 मध्ये लिव्हरपूलला तो साउदॅम्प्टनकडून हवा होता. खेळाडूशी परस्पर बोलणी केल्याचा बोभाटा झाला आणि लिव्हरपूलला जाहीर माफी मागून माघार घ्यावी लागली. दुसरा कुणी घ्यायचा, तर घेतला नाही. ऑक्टोबरात वेम्बलीवर टॉटनहॅमने 4-1 धुतलं, बचावपटू डेयान लोव्हरेनला अर्ध्या तासातच बाहेर बोलावावं लागलं. त्या रात्री लिव्हरपूलच्या एखाद्या चाहत्याला ‘धीर धर’ म्हणून बघायचं होतं! जानेवारीत तोच व्हॅन डाइक 7.5 कोटी पौंडांना आला, बचावपटूसाठी तोवरची जगातली सर्वांत मोठी फी. पहिल्याच सामन्यात, एव्हर्टनविरुद्ध, 84 व्या मिनिटाला डोक्याने विजयी गोल. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

थांबण्याचंही बिल येतं

आता दुसऱ्या गटाचं ऐकू. व्हॅन डाइकची गोष्ट सांगणारे एक गाळतात: ज्याची वाट बघितली तो आला नाही, अशाही गोष्टी तेवढ्याच आहेत. 2022 चा सगळा उन्हाळा मँचेस्टर युनायटेडने फ्रेंकी डी योंगच्या मागे घालवला. तो बार्सिलोनातून हललाच नाही. हंगाम सुरू झाला, ब्राइटनने 2-1 आणि ब्रेंटफर्डने 4-0 हरवलं, आणि मग धावाधाव. ऑगस्टच्या शेवटी आयाक्सकडून अँटनीसाठी 9.5 कोटी युरो मोजले. तीन वर्षांनी तो रेआल बेटिसला विकला गेला तेव्हा त्याच्या पाव किमतीच्या आसपास पैसे आले. म्हणजे जुलैतला सावधपणा आणि ऑगस्टमधली उधळपट्टी हे एकाच आजाराचे दोन टप्पे होते.

लिव्हरपूलचंही सगळंच गोड नाही. 2020 मध्ये लोव्हरेनला विकून त्याच्या जागी सेंटर-बॅक (मधला बचावपटू) घेतला नाही. ऑक्टोबरात व्हॅन डाइकचा गुडघा गेला, नोव्हेंबरात जो गोमेझचा, जानेवारीत माटिप. मिडफिल्डर बचावात खेळवायची वेळ आली. विंडोच्या अगदी शेवटी काबाक आणि बेन डेव्हिस अशी घाईची भरती झाली. घरच्या मैदानावर 68 लीग सामने न हरलेला संघ त्या हिवाळ्यात घरीच सलग 6 हरला. प्रेक्षकांविना चाललेलं, उत्पन्न बुडालेलं ते वर्ष होतं हे मान्य, तरीही तीन सेंटर-बॅकवर, त्यातले दोन वारंवार दुखापत होणारे, अख्खा हंगाम काढायचा याला मी सावधपणा म्हणणार नाही. तो जुगारच होता, फक्त टेबलावर पैसे दिसत नव्हते.

जानेवारी 2025 मधला आर्सेनल तर अजून ताजा आहे. फॉरवर्ड साका दुखापतीमुळे डिसेंबरपासून बाहेर, गॅब्रिएल जेझूसचा गुडघा जानेवारीत गेलेला, ॲस्टन व्हिलाच्या ऑली वॉटकिन्ससाठी लावलेली बोली नाकारली गेली, आणि विंडो बंद झाली तेव्हा एकही खेळाडू आलेला नव्हता. काही दिवसांत सरावात काई हॅव्हर्ट्झचा स्नायू फाटला. 15 फेब्रुवारीला लेस्टरमध्ये मॅनेजर मिकेल आर्टेटाने मिकेल मेरिनोला, म्हणजे एका मिडफिल्डरला, स्ट्रायकर म्हणून उतरवलं. त्याने शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल करून सामना जिंकून दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण ही जुगाडाची गोष्ट होती. हंगामाच्या शेवटी आर्सेनल 10 गुणांनी मागे, दुसरा. फक्त 4 पराभव, पण 14 सामने बरोबरीत. ज्या संघाचे 14 सामने बरोबरीत सुटतात, त्याच्या चाहत्याला ‘एक गोल मारणारा हवा होता’ हे पटवून द्यावं लागत नाही.

अडचण अशी की हा वाद कधी मिटतच नाही. घेतलेला खेळाडू फसला तर त्याचे सामने, गोल, पगार सगळं मोजता येतं. न घेतलेल्या खेळाडूचं खातं कुठल्याच वहीत नसतं. वॉटकिन्स आला असता तर त्यानंतरच्या बरोबरीच्या सामन्यांपैकी किती जिंकले असते? कुणी एक म्हणेल, कुणी सगळेच. म्हणून संचालकांना थांबण्याकडे झुकणं सोपं जातं, कारण चुकीच्या खरेदीवर नाव लिहिलेलं असतं, चुकीच्या थांबण्यावर नसतं. आणि चाहत्याचं उलट. क्लबला दहा वर्षांचा हिशेब बघायचा असतो, त्याला हा हंगाम. कर्णधार तिशी ओलांडून गेलाय, पुढच्या वर्षी तो असाच खेळेल याची हमी कोण देणार? हे उतावीळपण मला तरी पोरकट वाटत नाही.

शेवटच्या दिवसाचं काय होतं हे लेस्टरला विचारा. ऑगस्ट 2017 मध्ये स्पोर्टिंग लिस्बनच्या आद्रियेन सिल्वाची कागदपत्रं 14 सेकंद उशिरा पोहोचली. अक्षरशः वरातीमागून घोडं. पैसे ठरलेले, खेळाडू तयार, आणि नोंदणी नाही म्हणून तो जानेवारीपर्यंत एकही सामना खेळू शकला नाही.

मग ओळखायचं कसं

विंडो चालू असताना अफवा वाचण्यापेक्षा मी आधी एक गोष्ट बघतो: कुणाचा करार केव्हा संपतोय. लिव्हरपूल 2019 मध्ये गप्प बसला कारण त्याचं काम आधीच झालं होतं. 2018 च्या उन्हाळ्यात ॲलिसन, फाबिन्यो, केटा, शकिरी आले होते. त्या एका वर्षात फिर्मिनो, सलाह, माने, रॉबर्टसन, अलेक्झांडर-आर्नोल्ड, सगळ्यांचे करार वाढवून झाले होते. बहुतेक सगळे विशीतले. नवा खेळाडू न घेणं म्हणजे तिथे असलेला संघ बांधून ठेवणं होतं.

टॉटनहॅमचं चित्र उघडून बघा. सुमारे 100 कोटी पौंडांचं नवं स्टेडियम उभं राहत होतं, एप्रिल 2019 पर्यंत घरचे सामने वेम्बलीवर चालले होते. पैसे अडकलेले होते हे कारण खरंच होतं, अंथरूण पाहून पाय पसरणं भागच होतं. पण एरिक्सन, अल्डरवेरेल्ड, व्हर्टोंगन या तिघांचेही करार 2020 मध्ये संपत होते. नवे येत नव्हते आणि जुनेही बांधून ठेवलेले नव्हते. जानेवारी 2019 मध्ये मिडफिल्डमधला मूसा डेम्बेले चीनला गेला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. त्या हंगामात फायनलच्या झगमगाटात एक आकडा झाकला गेला: लीगमध्ये 13 पराभव. एरिक्सन करार संपायला सहा महिने उरलेले असताना इंटरला अगदी स्वस्तात गेला, व्हर्टोंगन फुकट.

दुसरं बघायचं ते विक्रीकडे. जो क्लब सावध आहे पण शहाणा आहे, तो विकतानाही सावध असतो. ब्राइटनने मोइसेस कैसेदोला 2021 मध्ये पन्नास लाख पौंडांच्याही आत घेतलं आणि 2023 मध्ये चेल्सीला 10 कोटींहून जास्तीला विकलं. त्या क्लबने एखाद्या जागी कुणी घेतलं नाही, तर तिथला पुढचा माणूस बहुधा आधीच घेऊन कुठेतरी उसना ठेवलेला असतो. उलट विक्रीचा पैसा आला म्हणून दुकानात शिरणाऱ्याचं काय होतं? टॉटनहॅमनेच 2013 मध्ये गॅरेथ बेल विकून एका उन्हाळ्यात सात जण आणले. त्यातला खऱ्या अर्थाने लागला तो एरिक्सन.

एवढं सगळं बघूनही अंदाज चुकतो, हेही सांगून ठेवतो. 2024 च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलला सोसिएदादचा मिडफिल्डर झुबिमेंडी हवा होता, तो नाही म्हणाला. त्या मोसमात खेळायला आलेला नवा माणूस एकच, फेडेरिको किएसा, आणि तोही फारसा खेळला नाही. आधीपासून संघात असलेला ग्रावेनबेर्ख त्या जागी उभा राहिला आणि लिव्हरपूलने लीग जिंकली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच क्लबने 40 कोटी पौंडांहून जास्त खर्च केला, आलेक्झांडर इसाकसाठी साडेबारा कोटींचा ब्रिटिश विक्रम केला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये लीगचे सलग चार सामने हरला. दोन्ही गटांनी आपापले जुने युक्तिवाद घाईघाईने एकमेकांत अदलून घेतले.

टॉटनहॅमचं मौन सुटलं ते फायनलनंतर महिन्याभरात, जुलै 2019 मध्ये. क्लबच्या इतिहासातली तोवरची सर्वांत मोठी फी, सुमारे 5.5 कोटी पौंड, देऊन लिऑनकडून टांगी एन्डोम्बेलेला आणलं. सहा वर्षांचा करार. मधे तो लिऑन, नापोली, गालातासराय असा तीनदा उसना जाऊन आला. जून 2024 मध्ये क्लबने दोघांच्या संमतीने करार रद्द केला आणि त्याला विनाफी सोडून दिलं. कराराचं एक वर्ष तेव्हाही शिल्लक होतं.